ओएईमध्ये उजवा कान दोनदा 'रेफर': बेरा लगेच करावी की थांबावं?

ओसरी

बहिणीचं बाळ आज २६ दिवसांचं आहे. सिझेरियन, पूर्ण दिवसांचं, वजन २.९ किलो, पेटीत ठेवावं लागलं नाही. जन्मानंतर साधारण ३० तासांनी दवाखान्यातच ओएई, म्हणजे ऐकण्याची पहिली चाळणी तपासणी, झाली. डावा कान पास, उजवा रेफर. काल पुन्हा केली, तेच आलं. आता बेरा, म्हणजे कानाच्या नसेचा प्रतिसाद बघणारी पुढची तपासणी, करायला सांगितली आहे. ती जिल्ह्याच्या ठिकाणी होते, म्हणजे जाऊन-येऊन १४० किलोमीटर.

आजीचं म्हणणं, पाळण्याच्या मागे वाटी-चमचा वाजवला की बाळ दचकतं, मग कान कसला खराब? कुणी सांगितलं की सहा महिने जाऊ द्या, कुणी म्हणतं बेरासाठी झोपेचं औषध देतात, ते एवढ्याशा जिवाला नको. तेव्हा बेरा आत्ता की नंतर, औषध लागतंच का, जाताना काय तयारी करायची आणि रिपोर्टमध्ये काय बघायचं, हे जाणकारांनी सांगावं. मशीनच्या कागदावरचं इंग्रजी आम्हाला वाचता येतं, पण त्यातून काय समजायचं ते कळत नाही.

कर्णफूल

आधी 'रेफर' शब्दाचं भूत उतरवू. रेफर म्हणजे बहिरेपणा नव्हे. 'या कानाची पुढची तपासणी करा' एवढंच मशीन सांगतंय.

ओएई कशी चालते ते कळलं की अर्धी काळजी जागेवर येते. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशी आवाज आला की हलतात आणि स्वतः एक अगदी क्षीण आवाज उलट बाहेर टाकतात. लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये हा प्रतिध्वनी पहिल्यांदा नोंदवला. कानात जी मऊ बोंडी घालतात तिच्यात बारीकसा स्पीकर आणि मायक्रोफोन असतो. स्पीकर टकटक आवाज सोडतो आणि मायक्रोफोन परत आलेला आवाज टिपतो.

म्हणजे आवाजाला दोनदा प्रवास करावा लागतो, आत जाताना आणि बाहेर येताना. वाटेत काहीही आडवं आलं की रेफर. जन्मल्यावर पहिले २४ ते ४८ तास कानाच्या नळीत पांढरा चिकट थर असतो, पडद्यामागे गर्भजल असतं. सिझेरियनच्या बाळांमध्ये पहिल्या दोन दिवसांत रेफरचं प्रमाण त्यामुळेच जास्त दिसतं. बोंडी नीट बसली नाही, बाळ चोखत होतं, खोलीत पंखा घरघरत होता, तरीही तेच होतं. तेव्हा ३० तासांच्या त्या पहिल्या रेफरला मी फारसं महत्त्व देणार नाही.

कालचा रेफर मात्र वेगळा. २५व्या दिवशी 'पाणी असेल' ही सबब लंगडी पडते. आता तिसऱ्यांदा, चौथ्यांदा ओएई करत बसू नका. एकच चाळणी परत परत लावली की कधीतरी नुसत्या योगायोगानं पास येतो आणि घरचे निर्धास्त होतात. दोन रेफरनंतर बेराच.

वाटी-चमच्याबद्दल: डावा कान पास आहे ना? मग बाळ दचकणारच. एका चांगल्या कानावर मूल दचकतं, हसतं, वेळेवर बोलतंही. शिवाय स्टीलवर स्टील जवळून आपटलं तर आवाज इतका मोठा असतो की मध्यम दोष असलेलं मूलही दचकेल. आजींची परीक्षा चुकीची नाही, पण तिचं उत्तर फक्त 'निदान एका कानाला तरी ऐकू येतं' एवढंच.

मधलीसुट्टी

एक शंका. एक कान चांगला असेल तर भाषा येतेच. मग महिन्याच्या बाळाला ७० किलोमीटर न्यायची एवढी घाई कशाला? सहा महिने नको म्हणा, पण दोन-अडीच महिन्यांचं झाल्यावर नेलं तर काय बिघडतं?

कर्णफूल

दोन महिन्यांचं झाल्यावर नेलं तर काहीच बिघडत नाही. 'नंतर बघू' म्हणत नंबरच लावला नाही तर बिघडतं. जगभर पाळलं जाणारं वेळापत्रक असं: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. सरकारी ठिकाणी बेराची तारीख तीन-चार आठवड्यांनी मिळू शकते आणि पहिल्या खेपेला बाळ झोपलं नाही तर दुसरी तारीख घ्यावी लागते. म्हणून नंबर आज लावा, तारीख सहाव्या ते आठव्या आठवड्यातली मिळाली तर उत्तम. एक खेप वाया गेली तरी तीन महिन्यांच्या आत काम होतं.

दुसरं कारण झोपेचं. तीन-चार महिन्यांपर्यंतचं बाळ दूध पिऊन आपोआप गाढ झोपतं, औषध लागत नाही. सहा महिन्यांनंतर तेच बाळ इलेक्ट्रोड ओढून काढतं. मग औषध द्यावं लागतं. औषधाच्या भीतीनं थांबलात तर औषधाचीच वेळ येईल.

आणि एक कान म्हणून सोडून द्यायचं नाही. आवाज कुठून आला हे दोन कानांच्या तुलनेतून कळतं. गोंगाटातलं बोलणं वेगळं काढायलाही दोन कान लागतात. घरात काही जाणवणार नाही, बालवाडीत जाणवेल. शिवाय एका कानाचा दोष काही मुलांमध्ये पुढे दुसऱ्या कानातही उतरतो, म्हणून डाव्या कानावर लक्ष ठेवावं लागतं.

जाता जाता, इतर वाचणाऱ्यांसाठी: रेफर आलेल्या बाळाची सीएमव्ही या विषाणूसाठी (पोटात असताना लागला तर तो बहिरेपणा आणू शकतो) लाळ किंवा लघवी तपासायची असेल तर ती जन्मापासून २१ दिवसांच्या आत. त्यानंतर तपासणी पॉझिटिव्ह आली तरी संसर्ग पोटातला की बाहेरचा हे सांगता येत नाही. म्हणून पहिल्या रेफरनंतरची फेरतपासणी महिन्यावर ढकलू नये, दोन आठवड्यांत उरकावी.

रात्रपाळी

तयारीचं मी सांगते. बेरा बिघडते ती बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, तेलामुळे आणि झोपेमुळे.

बेरात कानात टकटक आवाज देतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा प्रतिसाद कातडीवरून टिपतात. तो सिग्नल व्होल्टच्या दहालाखाव्या भागापेक्षाही लहान असतो. म्हणून कपाळावर केसांच्या कडेपाशी एक आणि दोन्ही कानांमागच्या हाडावर एकेक इलेक्ट्रोड चिकटवतात, शिवाय अर्थिंगचा एक. त्याआधी कातडी दाणेदार जेलनं घासतात. प्रत्येक ठिकाणचा अडथळा ५ किलो-ओहमच्या खाली आणि एकमेकांच्या जवळपास यावा लागतो. टाळू भरलेली असेल, कानामागे मालिशचं तेल मुरलेलं असेल, तर तो खाली येतच नाही. मग पुन्हा घासा, पुन्हा घासा, तेवढ्यात बाळ टक्क जागं.

त्यामुळे आदल्या संध्याकाळपासून डोक्याला आणि कपाळाला तेल नको. सकाळी साबणानं डोकं धुऊन कोरडं करा. कपाळावर काजळाची तीट लावू नका. दृष्ट लागेल वाटत असेल तर तळपायाला लावा, तिथं आमचं काही नसतं. कानामागे पावडर नको. वाळे, घुंगरू, बिंदल्या घरी काढून ठेवा, बाळानं पाय हलवला की त्याच आवाजानं ते जागं होतं. कुंची-टोपडं सैल, सहज निघणारं.

आता झोप. ७० किलोमीटर गाडीत बाळ झक्क झोपतं आणि दवाखान्याच्या दारात जागं होतं. नेहमीचंच आहे हे. महिना-दीड महिन्याच्या बाळाला जागं ठेवणं फार वेळ जमत नाही आणि उपाशी तर ठेवूच नये. पण दूध पुढे-मागे करता येतं. वेळ ११ची असेल तर ८-८.३०ला एकदा पाजा. शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात आईच्या शेजारी बसलेल्यानं तळवे चोळत, बोलत बाळाला जागं ठेवायचं. पोचल्यावर लगेच पाजू नका. आधी कातडी घासून इलेक्ट्रोड लावून घ्या, बाळ रडेल, रडू दे. मग तिथंच आईनं पाजायचं, ढेकर काढायची, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं. डोळा लागला की टेक्निशियन कानात बोंड्या घालतो. हा क्रम उलटा झाला की झोपलेल्या बाळाला घासून उठवावं लागतं.

वेळ पाऊण ते दीड तास धरा. आवाजाच्या एकेका पातळीला साधारण २००० टकटकी आणि प्रत्येक पातळी दोनदा, कारण दोन्ही वेळची रेघ एकावर एक बसली तरच ती खरी लाट. खोलीतले मोबाइल पूर्ण बंद, सायलेंट नव्हे. चार्जर, ट्यूबलाइट, खराब अर्थिंग यांचा विजेचा गोंधळ रेघेत उतरतो.

औषध लागलंच तर आपल्याकडे सहसा ट्रायक्लोफॉसचं सिरप देतात. ते घरून पाजून निघू नका, 'वाटेत झोपेल' म्हणून तर अजिबात नको. बाळाची मान गाडीत पुढे कलते, श्वास अडकला तर कळत नाही. हे औषध दवाखान्यातच, वजनानुसार, डॉक्टरांसमोर आणि बोटाला ऑक्सिजनचं मीटर लावून द्यायचं असतं. सर्दीची झोप आणणारी सिरपंही नकोत. औषध देणार असतील तर आईचं दूध चार तास आधी थांबवायला सांगतात, म्हणजे वरची पाजण्याची सगळी योजना उलटी होते. म्हणून तारीख घेतानाच विचारा, 'नैसर्गिक झोपेत करणार की औषध देऊन?'

ओसरी

तिटीचं आणि वाळ्यांचं आम्हाला आयुष्यात सुचलं नसतं. रिपोर्टचं कुणी सांगेल का?

कर्णफूल

'बेरा नॉर्मल' किंवा 'उजव्या कानात दोष' अशी एका ओळीची चिठ्ठी घेऊन घरी येऊ नका. आलेख आणि आकडे मागा, ते तुमचेच आहेत.

रेघेत पाच लाटा मोजतात, त्यातली पाचवी सगळ्यात टिकाऊ. मोठ्या आवाजाला, ७० डेसिबलच्या आसपास, ती लहान बाळात साधारण ७ मिलिसेकंदांवर दिसते. मग आवाज ५०, ४०, ३० असा उतरवत नेतात. पाचवी लाट ज्या सर्वांत हलक्या आवाजापर्यंत दिसते, तो तुमचा आकडा. ३० पर्यंत दिसली तर तो कान सहसा ठीक धरतात. हा आकडा प्रत्येक कानाचा वेगळा लिहिलेला हवा.

पुढचा प्रश्न विचारा: नुसती टकटक वापरली की वेगवेगळे सूरही? टकटकीतून मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झचा अंदाज येतो. ५०० हर्ट्झ ठीक की बिघडलेलं, हे त्यातून कळत नाही, त्यासाठी टोन-बर्स्ट म्हणजे एकेका सुराचे तुटक आवाज लागतात. दोष निघाला तर टोन-बर्स्टशिवाय श्रवणयंत्र बसवणं म्हणजे अंदाजपंचे.

तिसरं, हाडावरून चाचणी केली का. कानामागे थरथरणारी चकती दाबून आवाज थेट आतल्या कानाला देतात. समजा हवेतून ६० आला आणि हाडातून २०, तर अडथळा पडद्याच्या आसपास आहे, बहुधा पाणी, तो उपचारानं जाऊ शकतो. दोन्हीकडून ६० आले तर दोष आतला. याच बैठकीत पडद्यामागचा दाब बघणारी टिम्पॅनोमेट्री होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती १००० हर्ट्झच्या सुरानं करायची असते. मोठ्यांसाठीचा २२६ हर्ट्झचा सूर लावला तर मऊ कर्णनळीमुळे पाणी असूनही आलेख छान दिसतो. रिपोर्टवर हा आकडा छापलेला असतो, बघा.

तुमच्या बाळासाठी सगळ्यात महत्त्वाचं: डावा कान चांगला आहे. उजव्या कानात फार मोठा आवाज दिला की तो कवटीतून पलीकडे जातो, डावा कान तो ऐकतो आणि लाट उजव्याच्या नावावर चढते. हाडावरच्या चाचणीत तर हे हलक्या आवाजालाही होतं. म्हणून तपासताना चांगल्या कानात सूऽऽ असा झाकणारा आवाज सोडतात, त्याला मास्किंग म्हणतात. 'मास्किंग केलं का?' एवढं विचारा.

आणि समजा ९० डेसिबललाही लाट दिसली नाही, तरी 'पूर्ण बहिरा कान' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. ऐकण्याचा काही अंश, विशेषतः जाड आवाजांचा, उरलेला असू शकतो. तो एएसएसआरसारख्या पुढच्या चाचणीत आणि बाळ मोठं झाल्यावर वागणुकीतून शोधतात.

अळूवडी

धागा पळवत नाही, जवळचाच प्रश्न. ३४व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ, ११ दिवस एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सात दिवस अमिकासिन हे अँटिबायोटिक, कावीळ म्हणून निळ्या दिव्याखाली. ओएई दोन्ही कान पास. विषय संपला ना?

रात्रपाळी

नाही. ओएई फक्त कॉक्लियाच्या केसपेशी बघते, पुढची नस बघत नाही. काही बाळांत केसपेशी उत्तम चालतात आणि नसेतून सिग्नल विस्कळीत जातो. ओएई पास, बेरा सपाट. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. वाढलेली कावीळ, ऑक्सिजन कमी पडणं आणि अपुरे दिवस यांत तिचा धोका जास्त. म्हणून एनआयसीयूत पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाची चाळणीच स्वयंचलित बेरानं करायची असते, ३५ डेसिबलच्या टकटकीवर. ओएई पास म्हणून सोडायचं नाही.

बेरा सपाट आलीच तर टेक्निशियननं टकटकीची दिशा उलटी करून परत रेघ काढायला हवी. दिशा उलटल्यावर सुरुवातीची लाटही उलटी झाली तर तो केसपेशींचा प्रतिसाद, म्हणजे निदान न्यूरोपॅथीकडे झुकतं.

अमिकासिन, जेंटामायसिन पाच दिवसांच्या वर दिलं असेल, कावीळ रक्त बदलण्याइतकी चढली असेल, घरात लहानपणापासूनचा बहिरेपणा असेल, तर चाळणीत पास होऊनही नवव्या महिन्यापर्यंत एकदा पूर्ण तपासणी. आईबाप मामे-आते भावंडं असतील तर घराण्याची चौकशी जास्त बारकाईनं. आणि मेंदूज्वर झाला तर नऊ महिने थांबायचंच नाही. त्यात कॉक्लियात हाड भरत जातं आणि पुढे लागलंच तर आतल्या कानात बसवायच्या इम्प्लांटची तार आत सरकवणं अवघड होतं, म्हणून बरं वाटताच लगेच तपासणी.

पाटी_पेन्सिल

जागेचं सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरातून. जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत आहे आणि त्याखाली तपासणी-उपचार मोफत असतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं. आशाताई किंवा अंगणवाडीतून चिठ्ठी घेतली तर सोपं जातं. निघण्याआधी फोन करून 'बेराचं यंत्र चालू आहे का आणि ऑडिओलॉजिस्ट त्या दिवशी आहेत का' हे दोन्ही विचारा. यंत्र आहे पण माणूस नाही, ही आपल्याकडची जुनीच कथा. मुंबईच्या बाजूला असाल तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, १९८३ पासून याच कामासाठी आहे.

खासगीत करणार असाल तर तपासणाऱ्याचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) सीआरआर म्हणजे नोंदणी क्रमांक रिपोर्टवर आहे का बघा. श्रवणयंत्र विकणाऱ्या दुकानात 'फ्री टेस्ट' मोठ्यांसाठी ठीक, महिन्याच्या बाळासाठी नाही.

दोष पक्का ठरला तर श्रवणयंत्र तीन-चार महिन्यांच्या बाळालाही बसवतात, कानामागचं, मऊ साच्यासह. पहिल्या वर्षात कान भराभर वाढतो, साचा दर एक-दोन महिन्यांनी सैल होतो. यंत्र शिट्टी मारायला लागलं की आवाज कमी करू नका, साचा बदला. बॅटरीच्या कप्प्याला कुलूप असलेलंच घ्या, बटणसेल गिळला तर अन्ननलिका जाळतो.

घरी लक्ष ठेवायचं ते असं: तीन महिन्यांच्या सुमारास ओळखीच्या आवाजानं शांत होणं, सहाच्या आसपास आवाजाकडे मान वळवणं, दहाव्यापर्यंत 'बाबाबा, दादादा' अशी अक्षरांची माळ. पहिल्या महिन्यांतल्या अग्गं-हुंकारावर विसंबू नका, ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला तेवढं बोलतात, नंतर गप्प होत जातात. 'याचा बापही उशिरा बोलला' हे वाक्य ऐकू आलं की सरळ तपासणीला न्या. सहा महिन्यांनंतर आवाजाकडे वळलं की बाहुली उजळते अशा पेटीसमोर तपासतात, अडीच-तीन वर्षांनंतर 'आवाज आला की कडी खुंटीत घाल' असा खेळ लावून. तेव्हा खरा आलेख मिळतो.

ओसरी

सगळ्यांचे आभार. फोन केला, सातव्या आठवड्यातली तारीख मिळाली, सकाळी १०.३०. नैसर्गिक झोपेत करणार म्हणाले. टोन-बर्स्ट आणि हाडावरची चाचणी दोन्ही करतात, टिम्पॅनोमेट्री १००० हर्ट्झवर आहे का ते त्यांना बघून सांगावं लागेल. एकच राहिलं: बारशाला कान टोचायचे राहून गेले, ते पुढच्या आठवड्यात ठरलेत. त्याचा काही संबंध?

रात्रपाळी

आहे. टोचलेली कानाची पाळी ठणकत असेल तर बोंडी घालायला कान धरला की बाळ उठेल, आणि आम्हाला तो पाच-सहा वेळा धरावा लागतो. सोनाराला पुढची तारीख द्या, बेरानंतरची.